गावात घर असताना

कोल्हापुरात 'हॉटेल' म्हणजे आधी चहा. "हॉटेलात बसलोय" असं कुणी म्हणालं की समजायचं, समोर कप-बशी आहे, नाहीतर मिसळीची प्लेट. रात्री पाठ टेकायची जागा म्हणजे 'लॉज', आणि हा शब्द उच्चारताना जुन्या माणसांचा आवाज अजूनही किंचित खाली जातो. 'बोर्डिंग' म्हणजे मुलांनी राहून शिकायची जागा. मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग हे तर रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते आहेत. तिन्ही शब्द साहेबाकडून आले, पण इथे येऊन तिघांनी तीन वेगळे संसार थाटले.

अलीकडे मला वाटायला लागलंय की या तिन्ही शब्दांमागे एकच प्रश्न आहे. परक्या गावात, ओळख नसलेल्या छपराखाली, माणसाला निवांत टेकता येतं ते कशाच्या जोरावर?

निमित्त अगदी साधं झालं. गेल्या हिवाळ्यात मी आणि नवरा कोल्हापुरात दोन रात्री एका हॉटेलात राहिलो. काम काही नव्हतं. लग्नकार्य नव्हतं, दवाखाना नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. नुसतं राहायला गेलो होतो. ही बातमी राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, चार दिवसांनी कळली आणि तिचा फोन आला, "गावात आमचं घर असताना हॉटेलात राहायला काय झालं गं तुला?"

ताईच्या प्रश्नात राग कमी, दुखावलेपण जास्त. फोनवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तिला नीट उत्तर द्यायला हवं असं वाटत राहिलं, आणि ते उत्तर शोधताना मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेले. तेव्हा ताई, हे सगळं मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी हे आठवू या की पूर्वी लोक कोल्हापुरात येत तेव्हा उतरत कुठे. आणि लोक तर शतकानुशतकं येत आहेत. अंबाबाईचं गाव हे. नवं लग्न झालं की जोडप्यानं अंबाबाईची ओटी भरायची, वाडी रत्नागिरीला जाऊन जोतिबावर गुलाल उधळायचा, हा आपल्याकडे कित्येक घरांचा नेम. खरं तर नवरा-बायकोनं जोडीनं केलेला पहिला प्रवास हाच. फक्त तो दोघांचा नसे. सासू, दीर, करवली, शेजारची एक आजी आणि शिदोरीची बोचकी असा सगळा लवाजमा बरोबर.

हा लवाजमा उतरे तो ओळखीच्या जोरावर. गावात नातेवाईक असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यांचं घर, नाहीतर आपल्या समाजाचा मठ किंवा धर्मशाळा. या प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच: कुठले तुम्ही? आडनाव काय? कुणापैकी? हे प्रश्न प्रेमानंच विचारले जात, आणि उत्तर बरोबर आलं की पाय धुवायला पाणीही मिळे. पण उत्तर 'चुकलं' तर? ज्यांचं उत्तर जन्मतःच चुकीचं ठरलेलं होतं, त्यांची रात्र देवळापासून लांब, झाडाखाली नाहीतर वेशीबाहेरच्या आपल्या माणसांच्या झोपडीत जाई. छप्पर जातीतून मिळत होतं. प्रेम, अगत्य, जेवण, सगळं त्याच वाटेनं यायचं.

१८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि या व्यवस्थेवर ताण आला. बैलगाडीनं येणारा माणूस आधी निरोप पाठवून येई. आगगाडीनं येणारा माणूस नुसता येऊन उभा राहतो! १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसली, म्हणजे व्यापारी यायला लागले. शाळा-कॉलेज होतंच, म्हणजे खेड्यापाड्यांतली मुलंही यायला लागली. साहेब लोकांसाठी बंगले होते. बाकीच्यांनी कुठे जायचं?

यात सगळ्यांत अवघड प्रश्न मुलांचा होता. व्यापारी दोन दिवसांनी परत जातो, विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं राहायचं असतं. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. कल्पना चांगलीच होती, पण थोड्याच वर्षांत दिसलं ते असं की तिथे राहणारी मुलं जवळजवळ सगळी एकाच जातीची आहेत. दार सगळ्यांना उघडं होतं, पण पंगत कुणाची, स्वयंपाकी कुणाचा, पाण्याला हात कुणाचा, या प्रश्नांनी ते न बोलता बंद झालं होतं.

मग महाराजांनी दुसरी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत आणि १९०८ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. (ही मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरची मुलगी.) पुढे शिंपी, सारस्वत, ख्रिश्चन, प्रभू, देवांग अशी रांगच लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

आज कुणी म्हणेल, हे काय, जातवार घरं बांधून जात पक्कीच केली की! मलाही दसरा चौकातून जाताना पूर्वी तसं वाटायचं. पण १८९६ चा अनुभव समोर ठेवला की हिशेब कळतो. त्या वेळी गावात खोली भाड्यानं मिळायची ती जातीवर. ज्या मुलाला कुणीच खोली देणार नाही, त्याला आधी छप्पर द्यायचं, मग पुढचं बघायचं. उपाशी माणसाला एकत्र पंगतीचं तत्त्वज्ञान सांगण्याआधी भाकरी द्यावी, तसं हे.

आणि 'पुढचं' झालंही. ते याच बोर्डिंगांतून झालं. कुंभोजचा एक मुलगा तेव्हा जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही असं त्याला सांगितलं, तर त्यानं साफ नकार दिला. बोर्डिंग सोडावं लागलं. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील, आपले कर्मवीर अण्णा. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सर्व जातींच्या मुलांसाठी, एकाच छपराखाली, एकाच पंगतीत जेवणारं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. १८९६ ला जे जमलं नव्हतं ते अठ्ठावीस वर्षांनी, कोल्हापुरातून बाहेर काढलेल्या एका मुलानं जमवून दाखवलं.

हे झालं बोर्डिंगचं. आता हॉटेल, म्हणजे कोल्हापुरी अर्थानं, चहाचं.

गंगाराम कांबळे हे नाव कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गंगाराम दरबारच्या पागेत नोकरीला होते. तिथे मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदातलं पाणी ते प्यायले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामना नोकरीतून मोकळं केलं, भांडवल दिलं आणि सांगितलं, स्वतःचा धंदा काढ.

गंगारामनी काढलं चहाचं हॉटेल. भाऊसिंगजी रोडवर, म्हणजे गावाच्या मध्यावर. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. चहा चांगला, जागा स्वच्छ, पण गिऱ्हाईक नाही. 'त्यांच्या' हातचा चहा कोण पिणार? मग महाराज काय करत, तर फेरफटक्याला निघाले की घोडागाडी त्या हॉटेलासमोर उभी करत आणि गंगारामना हाक मारून चहा मागवत. स्वतः पीत आणि गाडीत बरोबर असलेल्या बड्या मंडळींनाही पाजत. महाराजांच्या समोर नाही कोण म्हणणार? पुढे त्यांनी गंगारामना सोड्याचं मशीनही घेऊन दिलं.

मला या गोष्टीतलं एक अंग फार आवडतं. महाराज राजे होते. त्यांना हुकूम काढता येत होता आणि त्यांनी तो काढलाही. १९१९ साली करवीर दरबारानं जाहीर केलं की धर्मशाळा, सरकारी इमारती, पाणवठे, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही. त्याच वर्षी आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा कायदाही करवीरमध्ये झाला. पण हुकूम काढून झाल्यावर महाराज स्वतः जाऊन चहा पीत राहिले, रोजच्या रस्त्यावर, चारचौघांत. त्या हॉटेलाला फर्मानापेक्षा जास्त गरज गिऱ्हाईकाची होती.

६ मे १९२२ ला महाराज गेले. त्यांचं पहिलं स्मारक १९२५ साली नर्सरी बागेत उभं राहिलं, ते याच गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन, आपल्या समाजातून पैसे जमवून उभारलेलं. चहाच्या पैशाला मी यापेक्षा मोठं व्याज लागलेलं ऐकलेलं नाही.

आता जरा कोल्हापूरबाहेर जाते, कारण राहायच्या खोलीची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. गंगारामच्या चहाच्या आगेमागेच, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता, बडोद्यात उतरायचं कुठे? हिंदूंच्या हॉटेलात त्याला घेणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात त्यानं पारशी नाव सांगून खोली मिळवली. तिथे दुसरा मुक्कामी कुणी नव्हता. वरच्या मजल्यावर, अडगळीत, कंदिलाच्या उजेडात तो एकटा राहिला. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले. ओळखीच्या दोघांकडे त्यानं आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मग तो बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला.

तो तरुण म्हणजे डॉ. आंबेडकर. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तीनच वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूरजवळच्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराज त्यांच्या शेजारी उभे राहिले.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही समजू नका. अमेरिकेत १९३६ पासून पुढे तीस वर्षं काळ्या प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाचं एक पुस्तक निघत असे. त्यात कुठल्या गावात कुठे उतरता येईल, कुठे जेवण मिळेल याचे पत्ते असत. पुस्तकात नाव नसलेल्या गावात रात्र झाली तर गाडी चालवत राहायचं. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला तेव्हा तिथल्या एका मोटेलचा मालक 'मी कुणाला खोली द्यायची ते मी ठरवणार' म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हरला. तिकडे राहणाऱ्या आपल्या भाचरांनी पुढच्या वेळी मोटेलमध्ये शिरताना हे आठवावं.

आपल्याकडे हा निकाल त्याच्या चौदा वर्षं आधी लागला होता. आपल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. देशाच्या राज्यघटनेत 'हॉटेल' हा शब्द आहे! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. बडोद्याची हकिगत वाचल्यावर गंमत वाटेनाशी झाली. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला त्यातही हॉटेल आहे, धर्मशाळा आहे, सराई आहे. ज्याला खोली नाकारली होती, तोच घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता.

ताई म्हणेल, हे सगळं खरं गं, पण याचा तुझ्या दोन रात्रींशी काय संबंध?

सांगते. आमचं लग्न १९८८ चं. आमच्या दोघांच्या जाती वेगळ्या. कुठल्या ते लिहीत नाही, कारण ते न विचारण्याबद्दलच तर हे सगळं चाललंय. लग्नानंतर पद्धतीप्रमाणे अंबाबाईला जायचं ठरलं. कोल्हापुरात तेव्हा एक नात्यातलं घर होतं (ताई, तुझं नव्हे, तुझं लग्नही व्हायचं होतं). तिथून निरोप आला की दुपारी या, जेवून जा, मुक्कामाचं मात्र यंदा जमायचं नाही. 'यंदा' या शब्दात सगळं आलं. त्या घराचं नाव मी घेणार नाही. आज तिथली माणसं आमच्यावर जीव टाकतात.

मग आम्ही स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. मी पहिल्यांदाच लॉजची पायरी चढत होते. मंगळसूत्र मुद्दाम पदरावर काढलेलं. काउंटरवरच्या काकांनी लांबलचक वही पुढे केली. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, किती दिवस. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी. काकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "गरम पाणी सकाळी सहा ते आठ." बस्स. पुढचा प्रश्न आलाच नाही! लग्न ठरल्यापासूनच्या आठ महिन्यांत आम्हाला काहीही न विचारणारे ते पहिले गृहस्थ.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक पंखा, एक बादली. त्या रात्री मी जितकी गाढ झोपले तितकी त्या अख्ख्या वर्षात झोपले नसेन.

आता याला दुसरी एक बाजू आहे, ती बायकांना चटकन कळेल. आपल्याकडे पाहुणी म्हणून गेलेली बाई खरी पाहुणी किती वेळ असते? चहा होईपर्यंत. नंतर पदर खोचून "द्या, मी पोळ्या लाटते" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तरी मनात अपराधी वाटत राहतं. यजमानीण तर पहाटेपासून उभीच असते. म्हणजे एका घरातल्या बाईची विश्रांती ही दुसऱ्या घरातल्या बाईच्या कामावर उभी, आणि शेवटी विश्रांती दोघींनाही नाही. पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत राजकारणावर बोलतायत, आणि नवरा-बायकोची गाठ पडते ती निघताना, बॅग भरायच्या वेळी. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या आयांना तर नवऱ्याशी निवांत दोन शब्द बोलायला गच्चीवर वाळवण घालायचं निमित्त काढावं लागे. चार भिंती, आतून लागणारी कडी आणि दुसऱ्या कुणीतरी पगार घेऊन केलेला स्वयंपाक ही आमच्या आधीच्या बायकांना न मिळालेली चैन आहे.

पैशांचा मुद्दा आहेच, तो झाकून चालणार नाही. रंकाळ्याच्या पश्चिमेच्या काठावरचा शालिनी पॅलेस आठवतो? १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंचं नाव दिलेला. काळा दगड, इटालियन संगमरवर, घड्याळाचा मनोरा. १९८७ साली त्याचं हॉटेल झालं. आमच्या लॉजच्या मुक्कामात संध्याकाळी रंकाळ्यावर बसून आम्ही त्याच्या दिव्यांकडे बघत होतो. नवरा म्हणाला, "बघ, आता तिथे राहायला राजकन्या असावं लागत नाही." मी म्हटलं, "हो, पण खिसा राजाचा लागतो." दोन्ही खरं होतं. हॉटेल जात विचारत नाही, पण ऐपत विचारतं. ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी स्टेशनचा फलाट आहे, देवळाभोवतीचा रस्ता आहे. पुढे ते हॉटेलही बंद पडलं. आमचं तिथे राहायचं राहिलंच.

गेल्या हिवाळ्यातल्या आमच्या दोन दिवसांचं सांगायचं तर सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. सकाळी साडेआठपर्यंत झोपलो. तांबडा-पांढरा झाला, खासबागेतली भेळ झाली, रात्री गंगावेशीत जाऊन म्हशीचं ताजं दूध प्यायलो (साठीत हे पचतं का, हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर टाकून). रंकाळ्याला चालत चालत संध्यामठ दिसेपर्यंत गेलो. भाऊसिंगजी रोडवरून जाताना मी उगाच दोन्ही बाजूंची दुकानं बघत होते, गंगारामचं हॉटेल यातल्या कुठल्या जागी असेल म्हणून. नवऱ्यानं कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. ज्यानं चहा दिला त्याचं आडनाव आम्ही विचारलं नाही, आमचं त्यानं विचारलं नाही. भाऊसिंगजी रोडवर हे शंभर वर्षांपूर्वी घडत नव्हतं.

हॉटेलात शिरताना मात्र एक गंमत झाली. हल्ली वही गेली, आधार कार्ड आलं. माझं आडनाव मी बदललेलं नाही. काउंटरवरच्या पोरानं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, आमच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "काका, मॅडमचं नातं काय लिहू?" नवरा म्हणाला, "बायको." त्यानं लिहून घेतलं. वय उपयोगी पडलं, इतकंच. हेच आम्ही पंचविशीत असतो तर? लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही, हे मद्रास हायकोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय. तरी २०२५ च्या जानेवारीत एका मोठ्या हॉटेल कंपनीनं मेरठपासून सुरुवात करून जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागायचं धोरण जाहीर केलंच. आणि भाड्यानं घर शोधणाऱ्या मुलामुलींना विचारून बघा, 'आडनाव काय' आणि 'नॉनव्हेज खाता का' हे प्रश्न किती सभ्य आवाजात विचारले जातात ते. उपाध्यांच्या ओटीवरचा प्रश्न ब्रोकरच्या फोनवर आलाय, एवढंच.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या घरी मला जे मिळतं ते मी कोण आहे हे तुला माहीत आहे म्हणून मिळतं. मी मावशीची मुलगी, मला आमटीत गूळ लागतो, रात्री पाय दुखतात, हे सगळं तुला ठाऊक. त्याला जगात तोड नाही. हॉटेलात मला जे मिळतं ते मी कोण आहे याची तिथे कुणाला पडलेली नाही म्हणून मिळतं. ही दुसरी गोष्ट जरा कोरडी आहे, भाडं देऊन विकत घ्यावी लागते, पण ती आयती मिळालेली नाही. तिच्यासाठी कुणी मार खाल्लाय, कुणी बोर्डिंग सोडलंय, कुणी आसऱ्याविना बागेत बसून राहिलंय आणि एका राजानं रस्त्यात गाडी थांबवून चहा प्यायलाय. आम्हाला दोघांना तर तिनं एका वर्षी अक्षरशः छप्पर दिलं. तिच्याकडे अधूनमधून जाऊन यावंसं वाटतं.

मार्चमध्ये तुझ्याकडे येतेय. चार दिवस राहणार. पोळ्या मात्र बाहेरून मागवायच्या, आणि आपण दोघींनी गच्चीवर बसायचं. वाळवण नसलं तरी.